निवडणुकीचा निरोप आणि वर्गणीची पावती

राळेगाव तालुक्यात कापूस घरात येऊ लागला की शेतकऱ्याचे लक्ष दोन गोष्टींकडे लागून राहते : एक भावाकडे आणि दुसरे मोबाइलच्या संदेशपेटीकडे. सीसीआयच्या केंद्रावर माल घातल्यानंतर चुकारा खात्यात पडला की नाही, पीकविम्याची रक्कम आली की नाही, पीएम-किसानचा हप्ता किंवा घरातील स्त्रीच्या नावे येणारे लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये जमा झाले की नाहीत, हे विचारावयास आता बँकेच्या दारी जावे लागत नाही. एका ओळीच्या लघुसंदेशाने ते कळते. पूर्वी ही वर्दी पोस्टमन, तलाठी किंवा सोसायटीचा गटसचिव देत असे. त्या माणसांना चेहरा होता, गावात घर होते आणि खोटी वर्दी दिली तर दुसऱ्या दिवशी जाब विचारण्याची सोय होती. संदेशपेटीला चेहरा नाही. तरीही लोक तिच्यावर विश्वास ठेवतात, कारण आजवर तिने सांगितलेला पैसा बहुधा खरोखरच खात्यात निघाला आहे. हा विश्वास म्हणजे एक प्रकारची सार्वजनिक मालमत्ताच होय.

निवडणूक जवळ आली की नेमक्या याच पेटीत उमेदवाराचा नमस्कार, पक्षाची जाहिरात आणि अलीकडच्या वर्षांत देणगीचे आवाहनही येऊन पडते. सरकारी रक्कम जमा झाल्याची वर्दी, मत मागणारा निरोप आणि पैसे मागणारा दुवा या तिन्हींचा आकार एक, अक्षर एक आणि मोबाइलचा आवाजही एकच. वाचणाऱ्याने फरक करावा कसा, आणि फरक करण्याची जबाबदारी त्याच्यावरच का टाकावी, हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. राजकीय पक्षाने लघुसंदेशाद्वारे मत मागणे किंवा वर्गणी मागणे यात मुळात बेकायदेशीर असे काही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ ब या कलमाने पक्षांना व्यक्तींकडून आणि सरकारी कंपन्या वगळता अन्य कंपन्यांकडून स्वेच्छेने दिलेली देणगी स्वीकारण्याची मुभा दिली आहे; परदेशी स्रोताकडून ती घेण्यास मनाई केली आहे. देणगी कोणत्या मार्गाने मागावी, भित्तिपत्रकाने, सभेत झोळी फिरवून की मोबाइलवरून, याविषयी ते कलम काही सांगत नाही. तेव्हा मागण्याचा हक्क निर्विवाद आहे. वाद आहे तो मागणाऱ्याने आपले नाव सांगावे की नाही, आपला क्रमांक त्याला कोणी दिला हे सांगावे की नाही, आणि घेतलेल्या पैशाची पावती द्यावी की नाही, याविषयी.

महाराष्ट्राला लहान वर्गणीचे महत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचे लक्ष्य ठेवण्यात आले आणि जूनअखेर ते पुरेही झाले. त्यात मोठ्या व्यापाऱ्यांच्या थैल्या होत्या तशाच सामान्यांच्या नाण्यांच्या मुठीही होत्या. वर्गणी देणाऱ्याला आपण या कार्याचे भागीदार आहोत असे वाटते, ही मानसिक बाजू अर्थशास्त्राच्या पुस्तकात फारशी येत नाही; पण कोणत्याही चळवळीचा हिशेब लिहिणाऱ्याला ती पुरती ठाऊक असते. जो एक रुपया देतो तो दुसऱ्या दिवशी कामाचा जाबही विचारतो.

आपल्या गावोगावच्या गणेशमंडळांचेच पाहा. दहा दिवसांच्या उत्सवासाठी वर्गणी गोळा करावयाची तर नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. किती मंडळे तो वेळेवर देतात हा भाग वेगळा. परंतु गल्लीतल्या मंडळाकडून जी अपेक्षा समाज आणि कायदा बाळगतो, ती राज्य चालवू पाहणाऱ्या पक्षाच्या मोबाइलवरील आवाहनाकडून बाळगली जात नाही, हे विचित्र आहे.

लघुसंदेशातून वर्गणी गोळा करण्याचे पहिले मोठे प्रयोग अमेरिकेत झाले. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा एका ठरावीक क्रमांकावर एका शब्दाचा संदेश पाठविला की दहा डॉलर दूरध्वनीच्या बिलात लावले जात आणि रेडक्रॉसला मिळत. अशा रीतीने तीन कोटींहून अधिक डॉलर जमा झाले. राजकारणाचे लक्ष तिकडे गेले नसते तरच नवल. त्या देशाच्या निवडणूक आयोगाने जून २०१२ मध्ये लघुसंदेशाने देणगी घेण्यास मान्यता दिली. पण ती देताना एका दूरध्वनी क्रमांकावरून एका उमेदवाराला महिन्याकाठी पन्नास डॉलरपेक्षा अधिक रक्कम जाऊ नये अशी अट घातली. ही मर्यादा वरवर पाहता मनमानी वाटते. परंतु तिच्या मागे एक साधा नियम होता : तेथील कायद्यानुसार नाव न सांगता देता येणाऱ्या देणगीची कमाल मर्यादा पन्नास डॉलर होती. मार्ग नवा आला म्हणून आयोगाने नवे तत्त्व शोधून काढले नाही. जुनेच तत्त्व नव्या मार्गाला लावले. आपल्याकडे धडा घ्यावयाचा तो एवढाच.

त्या देशातील पुढचा अनुभव मात्र तितकासा सुखावह नाही. मागणे स्वस्त झाले तसे ते अनावर झाले. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत देणगीच्या पानावर 'ही रक्कम वारंवार द्यावयाची आहे' असे सांगणारा चौकोन आधीच खूण करून ठेवण्याची युक्ती वापरली गेली. एकदाच द्यावे म्हणून दिलेल्या वृद्धांच्या खात्यांतून पुन्हा पुन्हा पैसे कापले गेले, बँकांकडे तक्रारींचा पाऊस पडला आणि कोट्यवधी डॉलर परत करण्याची वेळ आली. मे २०२१ मध्ये तेथील आयोगाने ही पद्धत बंद करावी अशी शिफारस एकमताने केली. भारतात जुलै २०२० पासून यूपीआयवर ठरावीक मुदतीने आपोआप रक्कम देण्याची सोय झालेली आहे. विम्याच्या हप्त्यासाठी ती उत्तम. राजकीय वर्गणीसाठी तिचा उपयोग होऊ लागला तर अमेरिकेतील तक्रारी मराठीत ऐकावयास मिळतील.

भारतात मोबाइलच्या शिलकीतून थेट देणगी कापण्याचा मार्ग रूढ झाला नाही, आणि झाला नाही ते बरेच झाले. न मागितलेली गाणी आणि राशिभविष्ये ग्राहकांच्या माथी मारून शिल्लक कापली जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की, दूरसंचार नियामक प्राधिकरणाला जुलै २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणे सक्तीचे करावे लागले. त्याऐवजी २०१६ मध्ये यूपीआय आले आणि निरोप व पैसा यांची फारकत झाली. आता संदेश फक्त दुवा आणून देतो. पैसा जातो बँकेच्या खात्यातून. पक्षांनी ही सोय ओळखली. भारतीय जनता पक्षाने २५ डिसेंबर २०२१ पासून पाच रुपयांपासून एक हजार रुपयांपर्यंतच्या लहान देणग्यांची मोहीम काढली. काँग्रेसने १८ डिसेंबर २०२३ रोजी, पक्षाच्या १३८ वर्षांचे औचित्य साधून, १३८ रुपये किंवा त्याच्या पटीत देणगी मागणारी मोहीम सुरू केली आणि त्यानंतर दहाच दिवसांनी नागपुरात स्थापनादिनाची मोठी सभा घेतली. परस्परांशी कशातच एकमत नसलेल्या दोन पक्षांना एकच मार्ग सुचावा, यातच त्या मार्गाचे सामर्थ्य दिसते.

या मार्गाचे स्वागतच करावयास हवे. त्याचे कारण समजण्यासाठी त्याच्या पर्यायाकडे पाहावे. २०१८ मध्ये आलेली निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने घटनाबाह्य ठरविली. तोवर सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते आणि मूल्याच्या दृष्टीने पाहता त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे प्रत्येकी एक कोटी रुपयांचे होते. एक कोटीचा कागद घेणारा माणूस राळेगावच्या बाजारात भेटत नाही. ज्या राजकारणाचा खर्च असे मोजके लोक भागवितात, त्याचे कान कोणाकडे लागलेले असणार हे सांगण्यास पदवीची आवश्यकता नाही. शंभर रुपयांच्या एक लाख देणग्या आणि एक कोटीची एक देणगी यांची बेरीज सारखीच. परंतु पहिल्या बाबतीत देणाऱ्यांपैकी कोणालाही एकट्याने काही मागता येत नाही, दुसऱ्या बाबतीत येते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. २९ क या कलमान्वये पक्षाने निवडणूक आयोगाला सादर करावयाच्या अहवालात वीस हजार रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांचीच नावे द्यावी लागतात. मग मोठी थैली फोडून तिच्या शेकडो लहान पुड्या बांधल्या तर? हे रोखीत सहज साधते. २०१७ च्या वित्त कायद्याने करसवलत हवी असलेल्या पक्षाला दोन हजारांवरील रोख देणगी वर्ज्य केली, तेव्हा एकोणीसशे नव्व्याण्णव रुपयांच्या पावत्या फाडण्याचा मार्ग मोकळाच राहिला, अशी टीका झाली ती खोटी नव्हती. परंतु यूपीआयने आलेले शंभर रुपये कोणत्या खात्यातून आले हे बँकेत कायमचे लिहिलेले असते. एकाच खात्यातून दोनशे वेळा आले तर तेही दिसते. तेव्हा लहान देणगीत लपवालपवी होईल ही भीती रोख पैशाबाबत खरी आहे, मोबाइलवरून दिलेल्या पैशाबाबत तितकी नाही. उलट संदेशाच्या दुव्यावरून आलेली वर्गणी ही राजकारणातील सर्वांत स्वच्छ वर्गणी ठरू शकेल. अट एकच, की दुवा खरोखरच पक्षाचा असला पाहिजे आणि तो पक्षाचा आहे हे घेणाऱ्याला ओळखता आले पाहिजे.

ओळखता येते का? येथे आपल्या नियमांत मोठे भगदाड आहे. नको असलेल्या व्यापारी संदेशांना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा १९ जुलै २०१८ रोजी सविस्तर विनियम केले. त्यांनुसार घाऊक संदेश पाठविणाऱ्या संस्थेला आपली नोंदणी करावी लागते, संदेशाच्या माथ्यावर येणारे संक्षिप्त नाव नोंदवावे लागते, मजकुराचा साचाही आधी दाखल करावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने त्यापुढे पाऊल टाकून प्रेषकाच्या नावापुढे एक अक्षर लावण्याची व्यवस्था केली : जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी संदेशासाठी जी. कल्पना चांगली आहे. वडकी किंवा झाडगावच्या शेतकऱ्याला हे एक अक्षर ओळखावयास शिकविले तर पैसे जमा झाल्याची वर्दी आणि साडीच्या दुकानाची जाहिरात यांतील फरक त्याला क्षणात कळेल. राजकारणासाठी मात्र या चारांत अक्षर नाही. या विनियमांतील व्यापारी संदेशाची व्याख्या माल, सेवा, धंदा आणि गुंतवणूक यांभोवती फिरते. मत मागणे किंवा पक्षासाठी वर्गणी मागणे तीत सरळ बसत नाही. ग्राहकाने १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवावयाची म्हटले तर बँका, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे वर्ग त्याच्यापुढे येतात. राजकारण असा वर्गच नाही. म्हणजे कर्ज विकणाऱ्याला 'नको' म्हणण्याची सोय आहे, मत मागणाऱ्याला नाही.

निवडणूक आयोगाने आपल्या बाजूने काही बंधने घातली आहेत. राजकीय जाहिरातींना आगाऊ प्रमाणपत्र घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ मधील आदेशापासून दूरचित्रवाणीसाठी सुरू झाली आणि पुढे घाऊक लघुसंदेश व ध्वनिसंदेशही तिच्या कक्षेत आले. मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत असे संदेश पाठविण्यास मनाई आहे. त्यांचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरावयाचा असतो. हे सर्व कागदावर ठीक आहे. पण यांतील खर्चाचे बंधन किती ढिले आहे ते साध्या गुणाकाराने दिसेल. समजा, राळेगावसारख्या विधानसभा मतदारसंघात तीन लाख मतदार आहेत आणि एका संदेशाला वीस पैसे पडतात. प्रत्येक मतदाराला एक संदेश पाठविण्याचा खर्च झाला साठ हजार रुपये. दहा वेळा पाठविले तर सहा लाख. विधानसभेच्या उमेदवारासाठी जानेवारी २०२२ मध्ये ठरविलेली खर्चमर्यादा चाळीस लाखांची आहे. म्हणजे एवढा भडिमार करूनही उमेदवार मर्यादेच्या सातव्या हिश्शापाशीच राहतो. शिवाय उमेदवाराचे नाव न घेता पक्षाने स्वतःच्या नावाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला खर्चाची मर्यादाच नाही.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याचा धूर जसा मालकाच्या हिशेबवहीत येत नाही, पण शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो, तसा संदेशाचा खरा खर्च पाठविणाऱ्याच्या वीस पैशांत येत नाही. तो तीन लाख लोकांच्या लक्षात, वेळेत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संदेशपेटीवरील विश्वासात पडतो. आपोआप स्वस्त झालेल्या वस्तूचा वापर वाढणारच. म्हणून भावावर विसंबून चालत नाही, नियम लागतो.

परंतु नियम कोणता? आगाऊ प्रमाणपत्राच्या पद्धतीविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. मजकूर आधी समितीपुढे ठेवावा, समितीने तो वाचावा, मग तो जावा, ही रीत मोठ्या पक्षाला जड जात नाही. त्याच्याकडे वकील आहेत, कचेरी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी माणसे आहेत. जड जाते ती कोलामपोडावरून उभ्या राहिलेल्या एखाद्या अपक्ष उमेदवाराला, ज्याच्यापाशी आपले म्हणणे सांगण्याचे लघुसंदेशाइतके स्वस्त साधन दुसरे नाही. राळेगाव हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. येथे गोंड, कोलाम, परधान समाजाची वस्ती मोठी आहे आणि थैलीवाल्या प्रचाराशी स्पर्धा करू पाहणाऱ्या लहान माणसाला हे साधन मिळणे लोकशाहीच्या हिताचे आहे. शिवाय मजकुराची छाननी ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने नाजूक बाब आहे. एका सिमकार्डावरून दिवसाला दोनशेच संदेश पाठविता येतील ही मर्यादा व्यापारी नसलेल्या संदेशांनाही लागू करण्यात आली होती, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये याच कारणावरून ती रद्दबातल केली. काय बोलावे यावर पहारा बसविण्यापेक्षा कोण बोलतो हे उघड करण्यावर भर देणे अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारकही होईल.

त्यासाठी नवे तत्त्व शोधावयास नको. ते आपल्या कायद्यात साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये घातलेल्या १२७ अ या कलमाने प्रत्येक निवडणूक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक केले. नाव न छापणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमाची एक व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. हाताने नक्कल करण्याखेरीज दस्तऐवजाच्या प्रती वाढविण्याची कोणतीही प्रक्रिया म्हणजे मुद्रण, असे ते सांगते. त्या काळी डोळ्यांपुढे चक्रमुद्रण यंत्र असेल. पण कायदा करणाऱ्यांनी शब्द असे निवडले की, एका कळीने तीन लाख प्रती काढणाऱ्या संगणकालाही ते लागू पडावेत असे वाटते. ही व्याख्या संदेशांना आपोआप लागू आहे की नाही यावर वकील वाद घालतील. संसदेने एका ओळीची दुरुस्ती करून तो वाद मिटविणे अवघड नाही. राळेगावच्या छापखान्यातून निघणाऱ्या पाचशे पत्रकांवर नाव सक्तीचे आणि अज्ञात ठिकाणाहून निघणाऱ्या पाच लाख संदेशांवर ऐच्छिक, ही स्थिती कोणत्याच तर्काला धरून नाही.

नावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न क्रमांकाचा आहे. मतदारयादी पक्षांना मिळते, परंतु तिच्यात मतदारांचे मोबाइल क्रमांक नसतात. मग मतदाराचे नाव घेऊन, त्याच्या मतदानकेंद्राचा उल्लेख करून संदेश येतो तो कसा? मार्च २०२१ मध्ये पुदुच्चेरीच्या निवडणुकीत हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. आधारशी जोडलेल्या क्रमांकांवरच भारतीय जनता पक्षाच्या प्रचाराचे घाऊक संदेश आले, असा अर्जदाराचा आरोप होता. पक्षाने तो नाकारला आणि क्रमांक कार्यकर्त्यांनी लोकसंपर्कातून जमविल्याचे सांगितले. न्यायालयाने मात्र आरोपाची गंभीर दखल घेऊन आधार प्राधिकरणाकडे खुलासा मागितला, आणि या संदेशांना आगाऊ प्रमाणपत्र नव्हते हेही त्या निमित्ताने पुढे आले. दुसरे उदाहरण मार्च २०२४ मधील आहे. लोकसभा निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली, त्यानंतरही सरकारी योजनांविषयी पंतप्रधानांचे पत्र असलेला विकसित भारत संपर्काचा संदेश लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहिला. २१ मार्चला निवडणूक आयोगाने तो तात्काळ थांबविण्याचा आदेश संबंधित मंत्रालयाला दिला. पत्रे आचारसंहितेपूर्वी पाठविली होती, जाळ्यातील अडचणींमुळे काही उशिरा पोचली, असा खुलासा मंत्रालयाने केला. खुलासा मान्य केला तरी मूळ मुद्दा उरतोच. योजनेचा लाभ मिळावा म्हणून नागरिकाने सरकारला दिलेला क्रमांक आणि सत्तेवर असलेल्या पक्षाचा प्रचार यांच्यामध्ये भिंत हवी. सत्तेवर कोणता पक्ष आहे यावर ती भिंत अवलंबून असू नये.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी, हा त्याचा गाभा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. दरम्यानच्या काळात क्रमांकांच्या याद्या बाजारात विकल्या जातच असतात.

सर्वांत मोठे नुकसान होते ते भामट्यांमुळे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात पीएम केअर्स निधीची घोषणा होताच त्याच्या यूपीआय ओळखीशी जवळजवळ जुळणारी, फक्त शेवटचा एक स चा उच्चार गाळलेली बनावट ओळख तयार झाल्याचे दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणले. एका अक्षराचा फरक! शहरातील सुशिक्षित माणूस जेथे फसतो तेथे ज्याची घरची भाषा कोलामी किंवा गोंडी आहे, ज्याला मराठी अक्षरओळख बेताची आणि इंग्रजी मुळीच नाही, त्याने खरा आणि खोटा दुवा ओळखावा अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होय. आणि एकदा फसलेला माणसू पुढचा खरा संदेशही उघडत नाही. तो चुकाऱ्याच्या संदेशाकडेही संशयाने पाहतो, किंवा प्रत्येक संदेश वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या हाती मोबाइल देतो, आणि त्याबरोबर बहुधा आपला गुप्त क्रमांकही. १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करता येते खरी. पण ती पैसे गेल्यानंतरची गोष्ट झाली.

म्हणून राजकीय संदेशासाठी प्रेषकाच्या नावापुढे एक स्वतंत्र अक्षर ठरवावे, आणि ते अक्षर नोंदणीकृत पक्ष व अर्ज वैध ठरलेले उमेदवार यांनाच मिळावे. लहान उमेदवारासाठी ही नोंदणी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातच, उमेदवारी अर्जाबरोबर, विनाशुल्क व्हावी. नाहीतर पारदर्शकतेच्या नावाखाली आणखी एक खर्च त्याच्या बोकांडी बसेल. देणगीच्या आवाहनात पक्षाच्या ज्या खात्यात पैसे जातील त्याची ओळख निवडणूक आयोगाच्या प्रसिद्ध यादीशी जुळणारी असावी आणि पैसे जाताच पक्षाच्या नावाची क्रमांकित पावती त्याच पेटीत यावी. नको असलेल्याला 'नको' म्हणता यावे. यांतील कशालाही नवे यंत्र लागत नाही. कर्ज विकणाऱ्या कंपन्यांसाठी ही सर्व यंत्रणा उभी आहे. तिच्या दारावर पक्षांचे नाव लिहावयाचे तेवढे राहिले आहे. ते राहिले याचे कारण तांत्रिक नसावे. जे नियम करतात त्यांनाच ते पाळावे लागणार असतात.

हे होईपर्यंत वर्गणीच्या दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी काहींनी स्वतःच्या सेवानियमांकडेही पाहावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याला कोणत्याही राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, त्याच्या चळवळीत भाग घेता येत नाही आणि तिच्या साहाय्यासाठी वर्गणीही देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ पासून स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. सभेत झोळी पुढे आली तेव्हा तहसील कचेरीतला लिपिक किंवा जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक हात मागे घेत असे, कारण चार माणसे पाहत असत. मोबाइलवर अकरा रुपये देताना कोणी पाहत नाही असे त्याला वाटते. प्रत्यक्षात झोळीत टाकलेल्या नाण्यावर नाव नसे. यूपीआयच्या अकरा रुपयांवर त्याचे नाव, बँक आणि वेळ या सर्वांची नोंद राहते. मत मागणारा संदेश शाळेच्या पालकगटात पुढे ढकलणे हेही त्याच नियमाच्या कक्षेत येऊ शकते. आणि निवडणुकीच्या कामावर नेमणूक होते ती बहुधा याच शिक्षकांची आणि याच लिपिकांची. मतदारयादीच्या पडताळणीसाठी घरोघर फिरून क्रमांक लिहून घेणारी वहीदेखील त्यांच्याच पिशवीत असते.